अ व्हायजनची चढाई: स्कॉटलंडमधल्या दुर्गम शिखराचे नियोजन

पुण्याहून दोघे आणि लंडनमध्ये राहणारा तिसरा मित्र, असे तुम्ही तिघे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्कॉटलंडच्या हायलँड्समधील अ व्हायजन या शिखरावर जाऊ इच्छिता. तिघांनाही सह्याद्रीतील ट्रेकचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. शिखराची उंची केवळ ९६७ मीटर असल्यामुळे दोन दिवस पुरतील का, कोणत्या बाजूने चढावे आणि वाटाड्या घ्यावा का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. थोडक्यात उत्तर असे की दोन दिवस पुरणार नाहीत. चालण्याचे तीन आणि हाताशी राखलेला एक, असे चार दिवस ठेवावेत. पूल्यू गावाच्या बाजूने जावे. वाटाड्याचा निर्णय तुमच्यापैकी किमान दोघांना दाट धुक्यात नकाशा आणि होकायंत्रावर चालता येते की नाही, यावर ठरवावा. या तिन्ही उत्तरांमागची कारणे खाली सविस्तर देतो, कारण ती समजली तर ऐनवेळी योजना बदलावी लागली तरी तुमचा निर्णय चुकणार नाही.

उंचीच्या आकड्यावरून या डोंगराचा अंदाज बांधू नका. ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटरचे आहे आणि आपले कळसूबाई १६४६ मीटरचे. तरीही कळसूबाईच्या पायथ्याशी बारी गाव आहे, वाटेवर शिड्या आणि रेलिंग आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी वाट चुकणे अवघड आहे. अ व्हायजन हे ३००० फूट, म्हणजे ९१४.४ मीटर उंचीची मर्यादा ओलांडणाऱ्या २८२ ‘मुनरो’ शिखरांपैकी एक आहे आणि त्यांतले रस्त्यापासून सर्वांत दूरचे म्हणून ओळखले जाते. ते फिशरफील्ड आणि लेटर्यू या दोन विस्तीर्ण इस्टेटींच्या, म्हणजे मोठ्या खासगी जमिनींच्या, मुलखात आहे. पूल्यूहून निघून हे शिखर आणि शेजारचे ९१८ मीटरचे रूअ स्टाक मोर करून परत यायचे, तर चाळीस किलोमीटरहून अधिक चाल होते. पहिले पंधरा-सोळा किलोमीटर तर नुसते पायथ्याशी पोहोचण्यासाठीच लागतात. या अंतरात दुकान नाही, चहाची टपरी नाही, वस्ती म्हणावी तर कर्नसरीचे शेत आणि आत कार्नमोर येथील इस्टेटीचे घर, तेही खासगी. मोबाइलची रेंज बहुतांश भागात मिळत नाही. शिखर गाठणे हा या मोहिमेचा लहान भाग आहे. तिथून सुखरूप बाहेर पडण्याची वाट, वेळ आणि ताकद शिल्लक राहील की नाही, हा मोठा भाग आहे. म्हणून नियोजन परतीपासून सुरू करावे आणि उलट्या दिशेने मोजत यावे.

वेळेचा हिशेब करण्यासाठी ब्रिटनमधील गिर्यारोहक आजही नेस्मिथचा १८९२ मधील नियम वापरतात. आजच्या मापांत तो असा सांगतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि चढाईच्या प्रत्येक ६०० मीटरला एक जादा तास. या नियमात थांबे, जेवण, ओझे, दलदल आणि खराब हवा यांतले काहीही धरलेले नाही. पूल्यू ते कार्नमोर हे अंतर त्या नियमाने पावणेचार तासांच्या आसपास येते. तंबू आणि तीन-चार दिवसांचे जेवण पाठीवर घेऊन ओल्या पीटच्या जमिनीवरून चालताना हीच चाल सहा तासांची होते, असे धरून चालावे. पीट म्हणजे हजारो वर्षे कुजत साठलेल्या वनस्पतींचा काळा, पाण्याने भरलेला थर. वरून गवत दिसते आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत आत जातो. भातखाचरातला चिखल निदान बांधापाशी संपतो. पीट डोंगरउतारावरही भेटतो. काही जण एका दिवसात हे सर्व करून येतात, पण ते त्या भूमीवर चालण्याची सवय असलेले आणि हलके ओझे घेणारे लोक असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो विचार मनात आणू नये.

माझ्या मते दिवसांची विभागणी अशी असावी. पहिल्या दिवशी सकाळी पूल्यूहून निघून यू नदीच्या काठाने, मग कर्नसरीवरून, फ्यून लॉख या मोठ्या तळ्याच्या आग्नेय टोकापर्यंत जावे. फ्यून लॉख आणि डू लॉख या दोन तळ्यांच्या मधून दगडी बांध आहे. तो ओलांडला की कार्नमोर येते. त्या परिसरात कोरडी, थोडी उंचवट्याची जागा बघून तंबू लावावा. दुसऱ्या दिवशी तंबू आणि जड सामान तिथेच ठेवून हलक्या पाठीने दोन्ही शिखरे करावीत. कार्नमोरहून शिकाऱ्यांसाठी बांधलेली जुनी पायवाट वर चढते आणि पुढे दोन्ही शिखरांमधल्या, सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या खिंडीकडे जाते. खिंडीतून रूअ स्टाक मोरला जाताना लाल वालुकाश्माच्या कातळपट्ट्यातून वाट शोधावी लागते आणि वर घसारा आहे. अ व्हायजनचा त्या बाजूचा उतार गवताळ आणि सोपा आहे. मात्र माथ्यावरून पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे सरळ कडे तुटलेले आहेत, आणि धुक्यात माथ्यावर रेंगाळताना याच गोष्टीचे भान सुटते. एकूण चढाई ९०० ते १००० मीटर भरते. जेवण आणि थांबे धरून त्या दिवसाला आठ ते नऊ तास द्यावेत. तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने पूल्यू.

अ व्हायजनची वायव्य सोंड नकाशावर आकर्षक दिसते आणि तिथून फ्यून लॉखचे दृश्य विलक्षण आहे, हे खरे. पण त्या सोंडेवर हाताचा आधार घेत चढण्याचे टप्पे आहेत. कोरड्या दिवशी, वारा नसताना आणि तिघांचीही तशी तयारी असेल तरच तिचा विचार करावा. अ व्हायजनचा बराचसा भाग लुइशियन नाइस या अतिप्राचीन खडकाचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा खडक त्याच्या कितीतरी पट जुना, दोनशे कोटी वर्षांहून अधिक वयाचा आहे. तो खरखरीत असल्याने कोरडा असताना बुटाला उत्तम पकड देतो, पण शेवाळलेल्या ओल्या जागी मात्र तोच घसरवतो. भूविज्ञानाची आवड असेल तर त्या खिंडीत उभे राहून एका बाजूचा करडा नाइस आणि दुसऱ्या बाजूचा लाल वालुकाश्म जरूर पाहावा. इतका स्पष्ट फरक फार थोड्या ठिकाणी उघड्यावर दिसतो.

आता बाजू कोणती निवडावी याबद्दल. दुसरी प्रसिद्ध वाट उत्तरेकडून आहे: डनडॉनलजवळच्या कॉरी हॅलीहून निघून शेनाव्हॉल या बॉथीपर्यंत आणि तिथून पुढे. बॉथी म्हणजे कुलूप नसलेला, सर्वांना खुला असा डोंगरातला साधा दगडी निवारा. शेनाव्हॉलची देखभाल १९६५ मध्ये स्थापन झालेली माउंटन बॉथीज असोसिएशन ही स्वयंसेवी संस्था करते. ही वाट अंतराने कमी आहे आणि अन चॅलख या डोंगराच्या पायथ्याचा तो परिसर फार देखणा आहे. तरीही पहिल्या खेपेला मी ती सुचवत नाही, कारण शेनाव्हॉलच्या पुढे दोन नद्या पूल नसताना चालत ओलांडाव्या लागतात आणि दोन्ही नद्यांमधली जमीन दलदलीची आहे. कोरड्या आठवड्यात पाणी घोट्याच्या वर येत नाही. पण त्या खडकाळ, उतारांच्या मुलखात पाणी जमिनीत मुरत नाही, त्यामुळे काही तासांच्या जोरदार पावसाने नदी फुगते आणि ओलांडता येणार नाही अशी होते. सकाळी सहज पार केलेली नदी संध्याकाळी तुमच्या आणि तंबूच्या मध्ये उभी राहते. पूल्यूच्या वाटेवरही ओढे आहेत आणि तेही फुगतात, पण त्या दोन मोठ्या नद्या चुकतात आणि तळ्यांमधला बांध मिळतो. लांबची वाट निवडण्याचे माझे कारण एवढेच आहे.

तरीही पाणी ओलांडण्याचे नियम तिघांनीही आधीच ठरवून घ्यावेत. बूट घालूनच पाण्यात उतरावे, अनवाणी कधीही नाही. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा. पाणी ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून काठीचा तिसरा पाय करावा. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर परत फिरावे. रुंद आणि पसरट पात्र हे अरुंद आणि खोल पात्रापेक्षा जवळपास नेहमीच सुरक्षित असते. पाणी जास्त असेल तर वाट पाहणे हाच उपाय आहे, कारण पाऊस थांबल्यावर हे ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर उतरतातही. त्यासाठीच चौथा दिवस राखलेला असतो, आणि परतीच्या विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट त्या चौथ्या दिवसाच्या नंतरचे असावे, हे मी आग्रहाने सांगतो. तिकिटाच्या घाईने माणूस नको त्या पाण्यात पाय घालतो.

सह्याद्रीतून येणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण पावसाबद्दलच्या आपल्या सवयीत आहे, असे मला वाटते. आपण जुलै महिन्यात राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर चिंब भिजत चालतो आणि त्यात आनंद मानतो, कारण तो पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो आणि संध्याकाळी पायथ्याच्या गावात चुलीपाशी बसता येते. वायव्य हायलँड्समध्ये मेच्या अखेरीस किनाऱ्यावर दिवसा बारा ते पंधरा अंश तापमान असते, माथ्यावर ते त्याहून सहा-सात अंशांनी कमी होते, आणि त्यात ताशी पन्नास किलोमीटरचा वारा मिळाला की भिजलेल्या अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते. मे महिन्यात माथ्यावर बर्फाची सर येणे हेही तिथे नवलाचे नाही. शरीर थंड पडू लागल्याची लक्षणे ओळखायला शिका: आधी थरथर, मग बोटांनी चेन लावता न येणे, बोलणे अडखळणे, विनाकारण चिडचिड किंवा मागे रेंगाळणे. थरथर थांबली आणि माणूस तरीही गरम झाला नसेल, तर ते सुधारणेचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे. अशा वेळी चालत राहण्याचा हट्ट न धरता आडोसा, कोरडे कपडे, गोड खाणे आणि शक्य असल्यास गरम पेय द्यावे. तिघे एकत्र आत बसू शकतील असे हलके निवाऱ्याचे कापड ब्रिटनमधील गिर्यारोहणाच्या दुकानांत मिळते. ते दर दिवशी, शिखरावर जातानाही, सोबत असावे.

कपड्यांत सुती काहीही नको. अंगालगत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊब देणारा, आणि बाहेरून खरोखर पाणी अडवणारे जाकीट व तशीच विजार. आपल्याकडचा पोंचो तिथल्या वाऱ्यात निरुपयोगी ठरतो. हातमोज्यांचे दोन जोड आणि लोकरी टोपी मे महिन्यातही लागतात. पाय ओले होणारच, हे गृहीत धरून रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि तो तंबूबाहेर कधीही वापरू नये. तंबू वाऱ्याला टिकणारा हवा. हिरवळीवर उभा राहणारा स्वस्त तंबू इथे पहिल्याच रात्री फाटू शकतो.

तुम्ही मेची अखेर निवडली आहे, ही निवड उत्तम आहे. एप्रिल ते जून हा तिथला त्यातल्या त्यात कोरडा काळ, पहाटे पाचच्या आधी उजाडते आणि रात्री दहापर्यंत उजेड राहतो. मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचा खरा उपद्रव जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतो. तरी मेच्या अखेरीस ती दिसू लागतात, म्हणून डोक्यावरून घेण्याची बारीक जाळी घेऊन जा. गोचिडी मात्र तेव्हाही असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. रोज संध्याकाळी अंग तपासावे, गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, आणि पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना सांगावे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तिथे हरणांची शिकार चालते आणि वाटा निवडताना इस्टेटीच्या सूचना पाहाव्या लागतात. मेमध्ये तो प्रश्न सहसा येत नाही. तंबू कुठेही लावता येतो का, ही शंका मराठी मित्रांकडून नेहमी येते. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वावरणाऱ्या प्रत्येकाला डोंगरात चालण्याचा आणि एका जागी दोन-तीन रात्री मुक्काम करण्याचा हक्क दिला आहे. त्याच्या बदल्यात घरांपासून दूर राहणे, शेकोटी न पेटवणे, सगळा कचरा परत आणणे आणि शौचासाठी पाण्यापासून किमान तीस मीटर दूर खड्डा करून बुजवणे, एवढे पाळावे. शेकोटीसाठी तसेही तिथे लाकूड नाही; फिशरफील्डच्या आतल्या भागात झाडे जवळपास नाहीतच.

नकाशे दोन प्रमाणांत मिळतात: ऑर्डनन्स सर्व्हेचा पन्नास हजारी प्रमाणाचा लँडरेंजर क्रमांक १९ आणि पंचवीस हजारी प्रमाणाचा एक्सप्लोरर क्रमांक ४३५. शिखरांच्या भागासाठी दुसरा तुमच्या उपयोगाचा, आणि पूल्यूकडच्या वाटेसाठी त्याच मालिकेतला क्रमांक ४३४ हाही लागतो. ते कागदावर, जलरोधक पिशवीत, दोन प्रतींत असावेत. फोनमधील नकाशा जरूर ठेवा, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि पावसात काच बोटांना दाद देत नाही. एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: भारतासाठी संतुलित केलेल्या होकायंत्राची सुई स्कॉटलंडमध्ये तिरकी होऊन तळाला घासू शकते, कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीशी असलेला कोन तिथे बराच तीव्र आहे. होकायंत्र ब्रिटनमध्येच घ्या. निघण्यापूर्वी खिंडीतून माथ्याकडे आणि माथ्यावरून खिंडीकडे जाण्याच्या दिशा अंशांत मोजून कागदावर लिहून ठेवा. वारा आणि धुके असताना हे काम वर करायला फार जड जाते. तुमच्यापैकी दोघांना हे आत्मविश्वासाने करता येत नसेल, तर ‘माउंटन लीडर’ ही पात्रता असलेला मार्गदर्शक घ्यावा. त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे वाट विचारायला गुराखी किंवा पायथ्याच्या गावचा माणूस भेटतो, तिथे दिवसभर कोणीही न भेटण्याची शक्यता आहे, आणि शिखराकडच्या वाटेवर बाण किंवा खुणा रंगवलेल्या नाहीत.

हवामानासाठी माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वायव्य हायलँड्सचा अंदाज रोज पाहावा. त्यात शिखरांवरचा वारा, तो चालण्यावर काय परिणाम करील, माथा ढगांबाहेर असण्याची शक्यता आणि गोठणबिंदूची उंची दिलेली असते. पूल्यू गावातल्या अंदाजावर डोंगराचा निर्णय घेऊ नये. माथ्यावर ताशी साठ किलोमीटरहून अधिक वारा सांगितला असेल, तर त्या दिवशी शिखर सोडून द्यावे. आत गेल्यावर अंदाज मिळणार नाही, म्हणून तीनही दिवसांचा अंदाज निघण्याच्या सकाळी लिहून घ्यावा.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लंडनहून इन्व्हरनेसपर्यंत रात्रीची रेल्वे आहे, तिथून पूल्यू रस्त्याने सुमारे दोन तास. बस मोजक्याच असल्याने भाड्याची गाडी सोयीची. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागांत गाडी उभी करून ठेवू नये. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, तो इन्व्हरनेसमध्ये घ्या. भारतातून दूध आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये आणण्यास मनाई आहे, त्यामुळे खव्याची मिठाई राहू द्या. चिक्की, भडंग, सुका मेवा, मेतकूट यांनी काम भागते. नेहमीपेक्षा दीडपट खाणे लागेल असे धरा. पाणी वाहत्या ओढ्याचे मिळते, तरी गाळून किंवा उकळून प्यावे.

शेवटी आणीबाणीची तयारी. रेंज असेल तिथून ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. बचाव पथके स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत, पण निरोप गेल्यापासून ती तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत कित्येक तास जाऊ शकतात, आणि तेवढा वेळ जखमी माणसाला उबदार ठेवण्याची सोय तुमच्याकडेच हवी. शिट्टीचे सहा आवाज एका मिनिटात, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही तिथली मदतीची खूण आहे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे उपकरण सोबत असावेच, मात्र ते लंडनच्या मित्राने घ्यावे आणि त्याच्याकडेच राहावे, कारण भारतात अशी उपकरणे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर त्यावरून अटकही होऊ शकते. ज्या घरी पूल्यूत मुक्काम कराल तिथे वाट, तंबूची जागा, गाडीचा क्रमांक आणि ‘अमुक वेळेपर्यंत आलो नाही तर पोलिसांना कळवा’ अशी वेळ लिहून द्या. ती वेळ चौथ्या दिवसाच्या संध्याकाळची असावी, आणि परत आल्यावर सर्वप्रथम त्यांना कळवावे.

चारही दिवस हवा वाईट निघाली तर आत जाऊ नका. त्या परिसरात कमी धोक्याचे पर्याय आहेत. एक दिवस उघडला तर उत्तरेकडचे ६१२ मीटरचे स्टॅक पॉली, त्याचा अगदी शेवटचा कातळाचा टप्पा सोडून, अर्ध्या दिवसात होते, आणि पाऊस सरींचा असेल तर फ्यून लॉखपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येणारी चालही करता येते. तिघांपैकी कोणाला तंबू आणि ओझ्यासह सलग दोन दिवस चालण्याचा सराव नसेल, तर मेपूर्वी पूर्ण सामानासह एखादा दोन दिवसांचा ट्रेक, राजगड ते तोरण्यासारखा, करून पाहा आणि प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ लिहून मला कळवा. त्यावरून वरचे तास तुमच्यासाठी नेमके करून देता येतील.